जितकं गेलं तितकंच

पात्स्क्वारो तलावाच्या उत्तर काठावर
पत्र्याच्या शेडमध्ये अकरा टाक्या.
नासारिया पहाटे दिवा लावत नाही,
उजेड त्यांना सोसत नाही.
गांडुळांचं डबडं काखेत धरून चाचपत जाते,
आणि पाण्याच्या वासावरूनच ओळखते
रात्री कुणी कुणाचा पाय खाल्ला ते.

पोरवयात खातात एकमेकांचे.
दाटी झाली, भूक लागली, शेजारी काही हललं
की तोंड उघडतं. वैर वगैरे काही नसतं.
ती वहीत लिहिते :
टाकी चार, मागचा डावा, गुडघ्यापासून.
मग त्याला निराळ्या घमेल्यात काढते.

अचोक म्हणतात तिथे या सॅलमँडरला.
आपल्याकडे ओ चा ऊ केला
की अचूक.

रात्र सरायच्या आत कातडी जखमेवर ओढली जाते.
खपली नाही, व्रण नाही.
मग आत, कुणाला न सांगता,
पेशी आपलं जुनं काम सोडून देतात
आणि एका बोथट, पांढुरक्या कोंबात येऊन बसतात,
बाप्यांनी पहिलीच्या वर्गात
पुन्हा नाव घालावं तशा.
फक्त कातडीखालच्या काही जणी
पत्ता विसरत नाहीत :
हा गुडघा. इथून वरचं आहे, इथून खालचं नाही.
म्हणून मनगटापासून गेला तर पंजाच येतो,
खांद्यापासून गेला तर अख्खा हात.
एक बोट जास्तीचं नाही.
व्याज नाही, नुकसानभरपाई नाही,
जितकं गेलं तितकंच.

नुकसानभरपाई क्रिसोफोरोला मिळाली.
तिचा भाऊ. सतरा वर्षं नेब्रास्कात
सरकत्या पट्ट्यापुढे उभा राहून
गाईच्या बरगड्या सोडवत होता.
मागच्या हिवाळ्यात परत आला,
उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून.
कंपनीकडे छापील तक्ता होता,
करंगळीचे इतके, तिच्या शेजारणीचे तितके.
शेडचा पत्रा त्यातूनच आला.

हल्ली तो रोज येतो,
माशांच्या रिकाम्या खोक्यावर बसतो,
घमेल्यातल्या कोंबाकडे बघत.
"किती दिवस लागतात?"
"पन्नास. पाणी गार असलं तर सत्तरही."
"आणि मला?"

नासारिया पाणी बदलत राहते.
मग सांगते, मोरेलियाहून शिकायला आलेली
ती चष्मेवाली पोरगी म्हणत होती,
लहान मुलाच्या बोटाचं अगदी टोक तुटलं,
नखाच्या मुळाच्या अलीकडे,
तर कधीकधी येतं परत.
"म्हणजे आपल्यालाही येत होतं,"
क्रिसोफोरो म्हणतो, "थोडंसं."

पोरगीनं आणखी एक सांगितलं होतं,
ते ती बोलत नाही :
कोंबापर्यंत येणारी नस जर कापली
तर हा प्राणीसुद्धा काही उगवत नाही.
जखम नुसती मिटते,
आपल्या जखमांसारखी, गुळगुळीत.
त्या संध्याकाळी घरी जाऊन नासारियानं
चुलीजवळ बसून हिशेब केला होता
सतरा वर्षांतल्या रविवारांचा,
आई कुणाच्या तरी दुकानात फोन धरून उभी,
पलीकडे घंटा वाजते आहे, वाजते आहे.
किती वेळा उचलला, किती वेळा नाही.
आकडा जमला नाही. भात करपला तेवढा.

आज टाकी सातमध्ये क्रिसोफोरोनं हात घातला.
"घालू नकोस," ती म्हणाली, तोवर घातला होता.
तळाशी चिखलरंगाचं काही सरकलं,
मानेशी लालसर पिसारे हलले,
आणि रुंद, सदा हसऱ्या तोंडानं
त्यानं थोटूक धरलं.

"ओय ओय ओय!"
हात बाहेर, पाणी सगळीकडे,
आणि क्रिसोफोरो हसतोय,
परतल्यापासून पहिल्यांदा
दात दिसेपर्यंत.

"कुठे चावला? बघू."
"करंगळीला," तो म्हणाला.

तिनं त्या जागेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.
मग पदराला हात पुसून वही उघडली :
टाकी सात. भूक चांगली.